पट्टा, पासबुक आणि पेरणी : आदिलाबाद जिल्ह्यातील एकरी अर्थसाहाय्याची योजना

पैनगंगेच्या उत्तर तीरावर यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर व झरी जामणी हे तालुके आहेत, तर दक्षिण तीरावर तेलंगण राज्यातील आदिलाबाद जिल्हा सुरू होतो. दोन्ही तीरांवरील जमीन तीच काळी, पीक तेच कापसाचे आणि शेतकऱ्याची भिस्तही त्याच मृगाच्या पावसावर. जैनथ व बेला या मंडलांतील कित्येक गावांत घरची भाषा आजही मराठी आहे. (मंडल म्हणजे आपल्याकडील तालुक्याहून लहान असा महसुली विभाग.) 1956 साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत होते. त्यामुळे पैनगंगेच्या दोन्ही काठांवरील शेतीव्यवहाराची परिभाषा बरीचशी समान राहिली आहे. पट्टा, पहाणी, कौल हे शब्द तेथील महसूल कचेरीत आणि शेताच्या बांधावरही ऐकू येतात.

असे असूनही 2018 पासून या दोन काठांमध्ये एक ठळक फरक पडला. दक्षिणेकडील खातेदारास पेरणीच्या तोंडावर त्याच्या जमिनीच्या एकरांच्या हिशेबाने राज्य शासनाकडून रोख रक्कम मिळू लागली. ही रक्कम कर्जाऊ नव्हे; ती परत करावयाची नसते आणि तिच्या विनियोगाचा हिशेबही द्यावा लागत नाही. सीमेलगतच्या आपल्या गावांत या योजनेची चर्चा नेहमी होते, परंतु तिचे स्वरूप, तिचे नियम आणि विशेषतः तिच्या मर्यादा यांविषयीची माहिती पुष्कळदा अपुरी असते. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात तर जमिनीचा मालक, जमिनीचा कसणारा आणि कागदोपत्री नोंद असलेला इसम हे तिघे एकच असतील, असे गृहीत धरून चालत नाही. योजनेचे खरे मर्म याच ठिकाणी आहे.

योजनेची रचना

शेतकऱ्यास देण्यात येणारी शासकीय मदत ही आजवर बहुतांशी वस्तूंच्या द्वारे दिली जात असे. खतावरील अनुदान हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. खताचे पोते जो विकत घेतो त्यालाच त्या अनुदानाचा लाभ होतो. मग तो मालक असो, बटईदार असो वा ठोक्याने जमीन करणारा असो. दुकानदार सातबारा मागून मालकीची खातरजमा करीत बसत नाही. जुन्या काळातील तगाई ही रोख रकमेची मदत असली, तरी ती परतफेडीच्या अटीवर दिली जाई. तेलंगण शासनाने या दोहोंहून निराळा मार्ग स्वीकारला. बियाणे, खते, मजुरी यांपैकी कशावर किती खर्च करावयाचा हे शेतकऱ्याने ठरवावे आणि शासनाने त्याच्या हाती पेरणीपूर्वी पैसा द्यावा, ही त्यामागील भूमिका होती.

'रैतू बंधू' या नावाची ही योजना तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांच्या हस्ते 10 मे 2018 रोजी करीमनगर जिल्ह्यातील हुजूराबाद येथे सुरू झाली. तेलुगूतील रैतू म्हणजे आपला रयत शब्दच होय. प्रारंभी दर हंगामास एकरी 4,000 रुपये, म्हणजे खरीप व रब्बी मिळून वर्षास 8,000 रुपये असा दर होता. 2019 च्या खरिपापासून तो हंगामास 5,000 रुपये करण्यात आला. पहिल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात 12,000 कोटी रुपयांची तरतूद होती आणि राज्यातील सुमारे 58 लाख खातेदार योजनेच्या कक्षेत आले. पहिल्या हंगामात गावोगावी शिबिरे भरवून नवे पासबुक व धनादेश शेतकऱ्याच्या हाती एकाच वेळी देण्यात आले. पुढे रक्कम थेट बँक खात्यात जमा होऊ लागली. जमा करण्याचा क्रमही ठरलेला असे. आधी एक एकरापर्यंतचे, मग दोन एकरांचे, असे लहान खातेदारांपासून मोठ्यांकडे वाटप केले जाई.

मे-जून महिन्यांतील पैशाचे मोल कोरडवाहू शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. कापसाचे बियाणे रोखीने घ्यावे लागते, पहिल्या पावसानंतर मजुरीचा खर्च एकदम अंगावर येतो आणि बँकेचे पीककर्ज मंजूर होईपर्यंत पुष्कळदा वापसा निघून जातो. अशा वेळी सावकाराच्या किंवा आडत्याच्या दारी जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि हंगामाच्या अखेरीस कापूस त्याच्याच काट्यावर घालावा लागतो. पाच एकरांच्या खातेदारास पेरणीपूर्वी मिळालेले 25,000 रुपये त्याचा सारा खर्च भागविणार नाहीत. तथापि उधारीची पहिली पायरी तरी त्याला टाळता येते. योजनेचे हे श्रेय निःसंशय मान्य केले पाहिजे.

या रकमेस क्षेत्राची कमाल मर्यादा मात्र ठेवण्यात आली नव्हती. दोन एकरवाल्यास दोन एकरांचे, पन्नास एकरवाल्यास पन्नास एकरांचे. खातेदार गावात राहतो की शहरात, जमीन स्वतः करतो की नाही, हेही विचारले जात नसे. मोठ्या जमीनदारांनी रक्कम स्वेच्छेने सोडावी, असे आवाहन करण्यात आले होते. आवाहनावर राज्याची तिजोरी चालत नाही, हे कोणत्याही खात्यातील अनुभवी लेखापाल सांगू शकेल.

डिसेंबर 2023 मध्ये सत्तांतर झाले. नव्या शासनाने योजनेस 'रैतू भरोसा' हे नाव दिले आणि 26 जानेवारी 2025 पासून एकरी वार्षिक 12,000 रुपये, म्हणजे हंगामास 6,000 रुपये असा दर लागू केला. मधल्या काळात, 2024 च्या खरिपात, पीककर्ज माफीवर मोठा खर्च झाला आणि त्या हंगामाचा एकरी हप्ता दिला गेला नाही. लागवडीस योग्य नसलेली जमीन, घरबांधणीसाठी पाडलेले भूखंड, रस्ते, खाणी यांखालील क्षेत्र नव्या नियमांनुसार वगळण्यात आले. ही सुधारणा आवश्यकच होती, कारण शहरांलगतच्या अशा जमिनींवर पूर्वी शेतीच्या नावाने रक्कम दिली जात होती.

आपल्याकडील पद्धतीशी तुलना

केंद्र शासनाची 'प्रधानमंत्री किसान सन्मान निधी' ही योजना 2019 मध्ये सुरू झाली. तिच्या अन्वये पात्र शेतकरी कुटुंबास क्षेत्राचा विचार न करता वर्षास 6,000 रुपये तीन हप्त्यांत मिळतात. ती नदीच्या दोन्ही काठांवर सारखीच लागू आहे. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 'नमो शेतकरी महासन्मान निधी' योजनेद्वारे तितक्याच रकमेची भर घातली. तेव्हा केंद्राची रक्कम दोन्हीकडे समान धरून केवळ राज्यांच्या रकमेची तुलना केल्यास हिशेब सोपा होतो. महाराष्ट्रात कुटुंबास 6,000 रुपये, तर 2025 च्या दराने आदिलाबादेत एकरास 12,000 रुपये. म्हणजे अर्ध्या एकराच्या, अर्थात वीस गुंठ्यांच्या खातेदारास दोन्ही पद्धतींत सारखीच रक्कम मिळेल. त्याहून अधिक जमीन असली, की पलीकडच्या काठाची रक्कम एकरागणिक वाढत जाते आणि दहा एकरांस ती 1,20,000 रुपयांवर पोहोचते. पहिल्या पद्धतीत खर्चाचा आकडा कुटुंबांच्या संख्येवर ठरतो. दुसरीत तो क्षेत्रावर ठरतो आणि ज्याच्याकडे क्षेत्र अधिक त्याच्याकडे सार्वजनिक पैशाचा अधिक भाग जातो. मात्र कोरडवाहू शेतीचा प्रत्यक्ष खर्चही एकरावरच ठरतो, हा दुसऱ्या पद्धतीच्या समर्थकांचा युक्तिवाद सहज उडवून लावण्याजोगा नाही.

दोन्ही पद्धतींना एक गोष्ट समान आहे. पैसा कोणाच्या खात्यात जावयाचा, हे जमिनीच्या अभिलेखावरून ठरते.

अभिलेखातील एक रकाना

योजना सुरू करण्यापूर्वी तेलंगण शासनाने 15 सप्टेंबर 2017 पासून राज्यभर भूमी अभिलेख अद्ययावत करण्याची मोहीम हाती घेतली. गावातील प्रत्येक सर्व्हे नंबर तपासून वादरहित जमिनी 'अ' भागात आणि वादग्रस्त जमिनी 'ब' भागात टाकण्यात आल्या. 'अ' भागातील खातेदारास नवे पासबुक मिळाले आणि पासबुकाबरोबर एकरी रक्कमही. 'ब' भागातील जमिनीस वाद मिटेपर्यंत पासबुक नाही आणि पासबुक नाही म्हणून रक्कमही नाही. वनखाते व महसूल खाते यांच्या सीमेचा वाद, भावाभावांतील वाटणीचा वाद, सर्व्हे नंबरातील क्षेत्राचा मेळ न बसणे, अशी कारणे त्यामागे होती. 29 ऑक्टोबर 2020 रोजी 'धरणी' ही संगणकीय अभिलेख पद्धती सुरू झाली आणि नोंदींचा सारा कारभार तिच्याकडे गेला.

हैदराबाद संस्थानापासून चालत आलेल्या पहाणीपत्रकात मालकाच्या नावाखेरीज प्रत्यक्ष कब्जेदाराच्या, म्हणजे 'अनुभवदारा'च्या नावाचा रकाना असे. मराठवाड्यातील वाचकांस हे पत्रक अपरिचित नाही. आपल्याकडे सातबाराच्या बारा क्रमांकाच्या नमुन्यात पीक पाहणी लिहिली जाते आणि खातेदाराव्यतिरिक्त अन्य इसम जमीन कसत असल्यास त्यासाठी सात-ब हा गाव नमुनाही आहे. तेलंगणच्या नव्या पासबुकात व धरणीत हा अनुभवदाराचा रकाना ठेवण्यात आला नाही. नोंद सुटसुटीत व्हावी, एका जमिनीवर दोन नावे दिसून तंटे उद्भवू नयेत, हा त्यामागील हेतू होता. परंतु रकाना गेल्याने जमीन कसणारा इसम शेतावरून नाहीसा झाला नाही; तो फक्त कागदावरून नाहीसा झाला.

आदिलाबाद जिल्ह्यात दुसऱ्याची जमीन कौलाने, म्हणजे खंडाने वा ठोक्याने करण्याची चाल सर्वत्र आहे. बहुधा हा व्यवहार तोंडी असतो आणि वर्षापुरता असतो. तो लेखी न करण्याचे कारण जुने आहे. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 या कायद्याने कुळास संरक्षण दिले, आणि कागदावर नाव चढले तर उद्या हा हक्क सांगेल, ही भीती मालकाच्या मनात कायमची बसली. अविभक्त आंध्र प्रदेशात 2011 साली यावर एक मध्यममार्ग काढण्यात आला होता. परवानाधारक शेतकऱ्यांच्या त्या कायद्यान्वये कौलदारास एक वर्ष मुदतीचे ओळखपत्र दिले जाई. जमिनीवर त्याने कोणताही हक्क निर्माण होत नसे, पण पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई यांसाठी ते चालत असे. तेलंगण राज्य स्थापन झाल्यानंतर या कायद्याची अंमलबजावणी तेथे क्षीण होत गेली. रैतू बंधू योजनेत तर कौलदारास प्रथमपासूनच स्थान नव्हते. मालक व कौलदार हा त्यांच्यातील खाजगी व्यवहार असून शासनाने त्यात पडू नये, अशी तत्कालीन शासनाची स्पष्ट भूमिका होती.

याचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होईल. एका कुटुंबाची स्वतःची जमीन दोन एकर आहे आणि ते आणखी सहा एकर ठोक्याने करते, असे समजा. 2025 च्या दराने या कुटुंबास हंगामास 12,000 रुपये मिळतील. ठोक्याच्या सहा एकरांचे 36,000 रुपये आदिलाबाद किंवा निर्मल शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात जमा होतील आणि ठोक्याची रक्कमही त्यालाच मिळेल. शासनाची रक्कम मिळाली म्हणून ठोका कमी करावा, असे बंधन नियमांत नाही. बियाणे, फवारणी, वेचणी आणि अवर्षणाचा धोका हे सर्व कुटुंबाच्या वाट्यास. शेतमजुरांसाठी 2025 मध्ये सुरू झालेल्या 'इंदिरम्मा आत्मीय भरोसा' योजनेतून भूमिहीन कुटुंबास वर्षास 12,000 रुपये देण्याचे ठरले. त्यासाठी 2023-24 मध्ये रोजगार हमीवर किमान 20 दिवस काम केलेले असावे, अशी अट होती. आपल्या उदाहरणातील कुटुंबाच्या नावे दोन एकर असल्याने तेथेही ते बसत नाही. निव्वळ मालक नव्हे आणि निव्वळ मजूरही नव्हे, अशा कुटुंबाला शासकीय वर्गवारीत जागा सापडणे नेहमीच कठीण जाते.

इतर राज्यांनी हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी हाताळला आहे. ओडिशाच्या 'कालिया' योजनेत व पश्चिम बंगालच्या 'कृषक बंधू' योजनेत भागीने जमीन करणाऱ्यांचा समावेश होता, आणि आंध्र प्रदेशाने 2019 मध्ये पीक लागवडदारांसाठी स्वतंत्र कायदा केला. तेथेही मालकाच्या संमतीची अडचण राहिलीच. तरीही कौलदाराची ओळख पटविणे अशक्य आहे, हे म्हणणे या उदाहरणांपुढे टिकत नाही.

विम्याचा प्रश्न अधिक गंभीर

एकरी रकमेच्या जोडीला ऑगस्ट 2018 पासून 'रैतू बीमा' ही योजना आली. पासबुकधारक शेतकऱ्याचे वय 18 ते 59 वर्षांच्या दरम्यान असल्यास त्याचा 5 लाख रुपयांचा आयुर्विमा शासन स्वखर्चाने उतरविते. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी रक्कम वारसास मिळते; चौकशीचे दिव्य करावे लागत नाही आणि दावा दहा दिवसांत निकाली काढण्याचे धोरण आहे. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर इतक्या थोड्या अवधीत पाच लाख रुपये हाती येणे ही त्या कुटुंबाच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होय. जमीन टिकते, मुलांचे शिक्षण टिकते.

पासबुक नसलेल्या कौलदाराच्या विधवेस हे दार बंद आहे. कर्जबाजारीपणामुळे आत्महत्या घडली असल्यास 2015 च्या शासन आदेशान्वये 6 लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद होती. परंतु त्यासाठी महसूल, पोलीस व कृषी या तीन खात्यांच्या अधिकाऱ्यांच्या समितीपुढे मृत इसम शेतकरीच होता, कर्ज शेतीचेच होते आणि मृत्यूचे कारण तेच होते, हे सिद्ध करावे लागते. ज्याचा ठोका तोंडी होता आणि कर्ज सावकाराच्या वहीत होते, त्याच्या पत्नीने यांपैकी कोणता कागद आणावा? यवतमाळ जिल्ह्याचा अनुभव असलेल्या आपल्याकडील कर्मचाऱ्यांस ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

अनुसूचित क्षेत्रातील जमीन

जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या बाजूस, प्रश्नाचे स्वरूप आणखी वेगळे होते. येथे गोंड, कोलाम, परधान, थोटी या जमातींची वस्ती आहे. जमीन कसणे आणि जमिनीचा कागद असणे यांतील अंतर येथे फार जुने आहे. कुमरम भीम यांचा 1940 मधील लढा याच प्रश्नावर उभा राहिला. त्यानंतर निजाम शासनाने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांच्याकडून येथील परिस्थितीचा अभ्यास करविला आणि गोंडांना जमिनीचे पट्टे देण्याचे काम हाती घेतले. पुढे 1959 चा जमीन हस्तांतरण विनियम तेलंगण भागास 1963 मध्ये लागू झाला, आणि 1970 च्या दुरुस्तीने अनुसूचित क्षेत्रातील कोणतीही जमीन बिगर आदिवासीच्या नावे होण्यास पूर्ण मज्जाव केला. गावकरी या कायद्यास नुसते 'एक सत्तर' म्हणतात.

या कायद्याने आदिवासींच्या जमिनीस संरक्षण मिळाले हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर, महाराष्ट्रातून पिढ्यांपूर्वी जाऊन तेथे स्थायिक झालेली जी मराठी भाषक बिगर आदिवासी कुटुंबे साध्या कागदावरील खरेदीच्या आधारे जमीन करीत होती, त्यांच्या नावे पासबुक होणे शक्य राहिले नाही. बंजारा समाजाची गोष्ट त्याहून निराळी. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींच्या यादीत आहे; तेलंगणात लंबाडा या नावाने 1976 च्या कायद्यान्वये तो अनुसूचित जमातींत समाविष्ट झाला. एकाच समाजाच्या दोन कुटुंबांचा जमिनीविषयीचा अधिकार नदीच्या काठावरून बदलावा, हा राज्यसीमेचा एक चमत्कारिक परिणाम होय.

वनजमिनीवरील शेतीस तेथे पोडू म्हणतात. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये पट्टे मिळालेल्या आदिवासींना एकरी रकमेचा लाभ देण्यात आला. 30 जून 2023 रोजी आसिफाबाद येथे, म्हणजे 2016 पूर्वीच्या अविभक्त आदिलाबाद जिल्ह्यातच, पोडू पट्ट्यांच्या राज्यव्यापी वाटपास प्रारंभ झाला. राज्यातील सुमारे 1 लाख 51 हजार आदिवासींना 4 लाख 6 हजार एकर जमिनीचे पट्टे देण्याचा हा कार्यक्रम होता आणि नव्या पट्टेधारकांनाही एकरी रक्कम लागू करण्यात आली. वनजमिनीचा पट्टा विकता येत नाही, तो केवळ वारसाकडे जातो. त्यामुळे या जमिनीवरील रक्कम कसणाऱ्या कुटुंबाच्याच हाती पडण्याचा संभव अधिक. अशा प्रकारे ज्या डोंगरी भागात कागद सर्वांत उशिरा पोहोचला, तेथे पट्टा, पीक आणि पैसा यांचा मेळ सपाटीवरील गावांपेक्षा चांगला बसला. वनहक्क कायद्यात बिगर आदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वहिवाटीचा पुरावा द्यावा लागतो. जुनी रेशनपत्रिका वा मतदारयादी यांवर हा पुरावा उभा राहत नसल्याने असे दावे क्वचितच मंजूर होतात.

14 एप्रिल 2025 पासून धरणीच्या जागी 'भू भारती' कायदा अमलात आला. धरणीतील चुकीच्या नोंदीविरुद्ध खातेदारास बहुधा दिवाणी न्यायालयातच जावे लागे. नव्या कायद्यात महसूल अधिकाऱ्यांकडे अपील करण्याची सोय पुन्हा करण्यात आली आहे. साध्या कागदावरील खरेदी नियमित करण्यासाठी 2020 च्या अखेरीस जे अर्ज घेण्यात आले होते, त्यांवर या कायद्यान्वये निर्णय घेण्याची तरतूद आहे. राज्यभरातील अशा अर्जांची संख्या 9 लाखांहून अधिक आहे. पैनगंगेकाठच्या सपाटीवरील ज्या शेतकऱ्यांनी असे अर्ज दिले आहेत, त्यांच्या नावे निर्णयानंतर पासबुक होऊ शकेल आणि पासबुकाबरोबर एकरी रक्कम व विमाही लागू होईल. उटनूर भागातील अनुसूचित गावांस मात्र 'एक सत्तर' लागू असल्याने तेथील बिगर आदिवासींच्या खरेदीस ही सवलत मिळू शकत नाही.